नव्या कॉम्प्युटरची किल्ली कुणाच्या हातात?

आज भाजणी नाही, मसाला नाही, आज कॉम्प्युटर. लगेच रेडिओ बंद करू नका, कारण गोष्ट आपल्याच एका गटाची आहे.

चाकणच्या पुढे एका गावात हा गट आहे. बारा जणी आहेत. एमआयडीसीतल्या कंपन्यांसाठी हातमोजे आणि ॲप्रन शिवतात. ऑर्डर ईमेलवर येते, बिलही ईमेलनेच पाठवावं लागतं, म्हणून त्यांनी वर्षाच्या नफ्यातून नवा कॉम्प्युटर घेतला. दुकानदार भला माणूस. म्हणाला, ‘ताई, तुम्ही काळजी करू नका, मी सगळं चालू करून देतो.’ दिलंही. इंटरनेट कुठून? सचिवताईंच्या मुलाच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून. महिना दोन महिने गाडी चालली. फक्त एक तक्रार होती. मुलाच्या मोबाईलला रोजचा दीड जीबी डेटा, आणि तो सकाळी अकरालाच संपायचा. मुलगा चिडायचा, बाया म्हणायच्या आम्ही तर दोन ईमेल पाठवले फक्त.

दोघंही खरं बोलत होते. नवा कॉम्प्युटर रिकामा येत नाही. त्यात कंपनीने आधीच बरंच काही भरलेलं असतं, आणि ते सगळं आपल्याला न विचारता इंटरनेट पीत असतं. विंडोजचे अपडेट असतात, ते कधीकधी काही जीबींचे असतात. वनड्राइव्ह नावाची एक पेटी असते, ती आपल्या डेस्कटॉपवरच्या फायली उचलून मायक्रोसॉफ्टच्या कोठारात नेऊन ठेवते. तिथे 5 जीबी जागा फुकट, पुढे पैसे. शिवाय एखादा अँटीव्हायरस, थोड्या दिवसांच्या चाखणीसाठी दिलेला. हे सगळे पाहुणे सकाळपासून जेवायला बसले की दीड जीबीची भाकरी कशी पुरणार?

हॉटस्पॉटवर काम असेल तर यावर साधा उपाय आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्कमध्ये जा, आपल्या वायफायच्या नावावर क्लिक करा, तिथे ‘मीटर्ड कनेक्शन’ असं बटण आहे, ते चालू करा. म्हणजे कॉम्प्युटरला कळतं की इथे मोजून मापून खायचं आहे, आणि मोठे अपडेट तो बाजूला ठेवतो. हे बटण लक्षात ठेवा. गोष्टीत ते परत येणार आहे.

तर शेवटी गटाने ठरवलं, फायबरची लाइन घ्यायची. गावात केबलवाल्याकडून मिळत होती. महिन्याला 499 रुपये असं पत्रकावर छापलेलं, हातात बिल आलं 588 रुपये 82 पैशांचं. फसवणूक नाही ती, वर 18 टक्के जीएसटी असतो. पण गटाच्या बैठकीत ठराव लिहिताना करासकट रक्कम लिहावी, नाहीतर पुढच्या बैठकीत नव्वद रुपयांवरून खजिनदारीणबाईंना उगाच उत्तरं द्यावी लागतात.

लाइन आली. तारवाला मुलगा म्हणाला, आता डेटाची चिंता नाही, आणि त्याने ते मीटर्डचं बटणही बंद करून दिलं. रात्रभर कॉम्प्युटर चालू राहिला. दोन महिन्यांचे अडवून ठेवलेले सगळे अपडेट एकदम आले, त्यात मशीनच्या पोटातल्या मूळ प्रणालीचाही होता. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर निळा पडदा. त्यावर लिहिलेलं, 48 आकडी किल्ली टाका.

कसली किल्ली? कुणालाच माहीत नाही. सगळ्या म्हणाल्या, नवं इंटरनेट लागू पडलं नाही. एकीने तर केबलवाल्याला फोन करून लाइन काढून न्यायला सांगितलं. आतमध्ये मात्र बारा जणींच्या मजुरीचा हिशेब अडकलेला, आणि एका कंपनीला दोन दिवसांत बिल पाठवायचं होतं.

मला बोलावलं तेव्हा मीही आधी चुकीच्याच जागी शोधत होते, राउटरच्या वायरी काढ-घाल करत. मग पडदा नीट वाचला.

आता हे नीट समजून घ्या. विंडोज 11 चा कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केला की तो आधी इंटरनेट मागतो आणि मग मायक्रोसॉफ्टचं खातं मागतो. खातं म्हणजे एक ईमेल, एक पासवर्ड, आणि ओटीपीसाठी एक मोबाईल नंबर. त्या खात्याने आत गेलं की अलीकडच्या बऱ्याच मशीनमध्ये आतली डिस्क आपोआप कुलूपबंद होते. हे चांगलं आहे, चोरी झाली तरी चोराला आतलं काही वाचता येत नाही. या कुलपाची किल्ली म्हणजे ते 48 आकडे, आणि ती किल्ली त्याच खात्यात जाऊन बसते. एरवी ती लागत नाही. पण मशीनच्या पोटात काही बदललं, असा मोठा अपडेट आला किंवा दुरुस्तीत एखादा भाग बदलला, की कुलूप सावध होतं आणि विचारतं, तू मालकच ना? मग किल्ली दाखव.

आपल्या गटाचं खातं कुणाचं होतं? दुकानदाराचं. त्या भल्या माणसाने घाईत स्वतःचाच ईमेल आणि स्वतःचाच नंबर टाकून दिला होता. म्हणजे कॉम्प्युटर गटाच्या पैशाचा, टेबल गटाचं, आणि किल्ली भोसरीच्या दुकानात. तो गावी लग्नाला गेला होता. तिसऱ्या दिवशी सापडला, त्याने आपल्या मोबाईलवर खातं उघडलं, त्यात या मशीनच्या नावापुढे किल्ली लिहिलेली होती. एकेक आकडा फोनवर सांगितला, आम्ही टाकला, कॉम्प्युटर उघडला. बिल एक दिवस उशिरा गेलं. कंपनीतल्या साहेबांनी समजून घेतलं, पण प्रत्येक साहेब समजून घेईल असं नाही.

इंटरनेटचा दोष नव्हता हे कळलं ना? तरी इंटरनेट बदलण्याशी याचा संबंध आहे, आणि तो थोडा जुन्या काळात जाऊन सांगते.

आपल्या देशात सर्वांसाठी इंटरनेट सुरू झालं ते 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीकडून. 1998 मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं आणि ईमेलचा पत्ताही बहुतेकदा इंटरनेटवाल्या कंपनीच्या नावाचा असायचा. कंपनी सोडली की पत्ता गेला. सासर बदलल्यावर आडनाव बदलावं तसं सगळ्यांना नवा पत्ता कळवत बसायचं. आज तसं राहिलेलं नाही. जीमेलसारखा पत्ता कुठल्याही लाइनवर चालतो. लाइन बदलली तर कॉम्प्युटरमधलं काहीही पुसलं जात नाही, विंडोज परत टाकावं लागत नाही. कुणी ‘लाइन बदलायची तर फॉरमॅट मारावा लागेल, हजार रुपये होतील’ म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

पण पूर्वी ईमेलचं जे व्हायचं ते आज मोबाईल नंबरचं होतं. हॉटस्पॉटसाठी घेतलेलं सिम, फायबर आल्यावर कोण रिचार्ज करणार? टाकलं डब्यात. काही महिने वापर नाही म्हणून नंबर बंद होतो. ट्रायने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं आहे की बंद झालेला नंबर किमान 90 दिवस दुसऱ्याला देत नाहीत. म्हणजे त्यानंतर देऊ शकतात! मग तुमच्या खात्याचा ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजणार. म्हणून जुनं सिम बंद करण्याआधी ईमेल, मायक्रोसॉफ्ट, बँक, जीएसटी, जिथे जिथे तो नंबर दिला आहे तिथे आधी नवा नंबर टाका. कंपनीची सेवाच नको असेल पण नंबर हवा असेल, तर तो पोर्ट करता येतो, देशभर ही सोय 20 जानेवारी 2011 पासून आहे. PORT हा शब्द आपल्याला मराठीत नाही, इंग्रजीत टाइप करावा लागतो. पुढे जागा सोडून नंबर, आणि 1900 ला मेसेज. आठ अक्षरांचा कोड येतो, तो आपल्याकडे चार दिवस चालतो. आधीच्या कंपनीत 90 दिवस झालेले असावे लागतात. ही सोय मोबाईल नंबरला आहे, भिंतीतून येणाऱ्या फायबरला नाही. फायबरची कंपनी बदलायची तर नवी लाइन घ्यायची आणि जुनी बंद करायची, एवढंच.

आणि त्यातही क्रम उलटा करू नका. नवी लाइन आठवडाभर चालवून बघा, मग जुनी बंद करा. बघताना एक गुरुवार मध्ये येऊ द्या. आपल्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून विजेची कामं त्याच दिवशी निघतात. फायबरच्या डब्याला वीज लागते, वीज गेली की इंटरनेट गेलं. राउटरसाठी छोटा बॅटरीचा डबा मिळतो, त्यावर काही तास निघतात. डब्यावर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला तर मात्र कॉम्प्युटरशी खेळत बसू नका. तार कुठेतरी तुटली आहे. तळेगाव-चाकण रस्त्याची खोदाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना जास्त सांगायला नको. जुना डबा परत देताना पावती घ्या, अनामत दिली असेल तर तिची मागणी त्याच वेळी लेखी करा. अडवलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

एक युक्ती सांगते, फार कामाची आहे. नवा राउटर बसवताना तारवाल्याला सांगा, वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेव. अक्षर न् अक्षर तेच. मग कॉम्प्युटर, मोबाईल सगळे आपोआप जोडले जातात. नाहीतर सगळ्यात जास्त प्रिंटर रुसतो. बरेच प्रिंटर फक्त 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतात, 5 चं त्यांना दिसतच नाही, हेही त्याला सांगून ठेवा.

अँटीव्हायरसचं राहिलंच. चाखणीचे दिवस संपले की तो पडद्यावर रोज घाबरवतो, ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे’. पैसे भरायलाच पाहिजेत असं नाही. तो काढून टाकला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर कामाला लागतो. वेगळा घ्यायचाच असेल तर एकच ठेवा. आपल्या पुण्यात तयार झालेला क्विक हील असो नाहीतर दुसरा कुठला, दोन अँटीव्हायरस एकत्र म्हणजे एका चुलीवर दोघींचा स्वयंपाक. आणि लाइन बदलल्याच्या आठवड्यात ‘इंटरनेट कंपनीतून बोलतोय, हे ॲप टाका, मी दुरूनच सेटिंग करतो’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930.

त्या गटाने पुढे काय केलं? गटाच्या नावाचा नवा ईमेल काढला. नंबर अध्यक्षताईंचा दिला, आणि दुसरा नंबर खजिनदारांचा, म्हणजे एकीचा मोबाईल हरवला तरी अडत नाही. त्या खात्याने कॉम्प्युटरमध्ये शिरल्या, दुकानदाराचं खातं त्यातून काढलं. किल्लीचे 48 आकडे कागदावर लिहून घेतले. कागद कुठे ठेवायचा यावर बैठकीत अर्धा तास वाद झाला. कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खणात ठेवायचा असं एकीचं म्हणणं होतं, तेव्हा सगळ्या हसल्या. शेवटी तो गटाच्या लोखंडी पेटीत गेला, ज्या पेटीला तीन कुलपं आहेत आणि तीन किल्ल्या तीन घरांत असतात. मजुरीच्या हिशेबाची एक प्रत दर शनिवारी पेन ड्राइव्हवर उतरवतात, तोही पेन ड्राइव्ह त्याच पेटीत. परवा मी गेले तेव्हा पेटी उघडायला तिघींपैकी एक शेतावर होती, तिची वाट बघत आम्ही दोन चहा प्यायलो.