डेटाबेसमधील अडून बसलेल्या जोडण्या

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्याचा मालसाठा असो वा बँकेतील खाती, अशा नोंदी सांभाळणारा डेटाबेस सर्व्हर एका वेळी ठरावीक संख्येनेच जोडण्या स्वीकारतो. ही मर्यादा पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीत मुळात १०० आणि मायएसक्यूएल या दुसऱ्या प्रणालीत १५१ असते. ती वाढवता येते, परंतु पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालवत असल्यामुळे मेमरीवरील भारही वाढतो. म्हणूनच विनाकारण अडून बसलेल्या जोडण्या वेळीच तोडाव्या लागतात.

मात्र जोडणी किती वेळ गप्प आहे यापेक्षा तिने काय धरून ठेवले आहे, हे अधिक महत्त्वाचे असते. समजा, कारकुनाने मालाच्या नोंदीत बदल केला आणि तो बदल कायम करण्याआधीच कारकून जेवायला उठला, तर ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकतर पूर्ण होणारा किंवा पूर्णपणे रद्द होणारा व्यवहार, अर्धवट राहतो. त्या नोंदीवरील लॉक सुटत नाही आणि गोदामातून तीच नोंद बदलू पाहणारा सहकारी ताटकळतो. याउलट, भरकटलेली जोडणी अखंड राबत असते: प्रत्येकी १०,००० ओळींची दोन कोष्टके जोडताना अट लिहायची राहिली, तर सर्व्हर १० कोटी ओळी तयार करू लागतो.

अशा वेळी प्रशासकाने प्रथम पोस्टग्रेएसक्यूएलच्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या दृश्यात जोडणी कोणाची, व्यवहार केव्हापासून उघडा आणि शेवटचा आदेश कोणता, हे पाहावे. भरकटलेला आदेश पीजी_कॅन्सल_बॅकएंडने थांबवता येतो आणि जोडणी शाबूत राहते; अर्धवट व्यवहार धरून गप्प बसलेल्या जोडणीवर मात्र या उपायाचा परिणाम होत नसल्याने तिच्यासाठी पीजी_टर्मिनेट_बॅकएंड वापरावे लागते. जोडणी तुटताच अपुरा व्यवहार रद्द होऊन नोंद पूर्ववत होते, त्यामुळे हिशेब बिघडत नाही, पण वापरणाऱ्याचे काम वाया जाते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या ‘किल -९’ आदेशाने प्रक्रिया मारणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्यामुळे पोस्टग्रेएसक्यूएल इतर सर्व जोडण्याही तोडून पुन्हा सुरू होते.

अर्धवट व्यवहार ठरावीक मुदतीनंतर आपोआप तोडण्याची सोय पोस्टग्रेएसक्यूएलच्या ९.६ या आवृत्तीत २०१६ मध्ये आली, तर नुसत्या निष्क्रिय जोडणीसाठीची मुदत १४व्या आवृत्तीत २०२१ मध्ये आली. मायएसक्यूएलमध्ये निष्क्रिय जोडणीची मूळ मुदत २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, असते. तथापि मुदत हा केवळ बंदोबस्त आहे. माणसाच्या उत्तराची वाट पाहत व्यवहार उघडा ठेवायचा नाही, ही शिस्त प्रोग्राम लिहिणाऱ्याने पाळली, तरच जोडण्या तोडण्याचे प्रसंग कमी होतील.