मनीऑर्डरीवर चाललेली चूल

तुमच्याही घरचे कोणी ना कोणी शहरात कामाला असेल. त्याचा पैसा आता मोबाइलवरून येतो. कोकणात तो पूर्वी पोस्टमनच्या पिशवीतून येत असे. त्या पैशाने काय साधले आणि काय राहून गेले, ते आपण समजून घेण्यासारखे आहे.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तशी रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे बोटीने मुंबई गाठू लागली. आजचा सिंधुदुर्गही तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. जमीन डोंगरउताराची, पीक भात-नाचणीचे. त्यातले अर्धेल किंवा तिर्धेल खोताच्या घरी जाई. उरलेले दाणे वर्षभर पुरत नसत.

१८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि पैसा घरी धाडण्याची सोय झाली. चाकरमानी एका खोलीत दाटीवाटीने राहत, खाणावळीत जेवत आणि पगार झाला की फॉर्म भरत. फॉर्मच्या कुपनावर दोन ओळींची खुशाली लिहीत. गावी पोस्टमन रक्कम मोजून देई, अंगठा घेई आणि मजकूर वाचून दाखवी. पोच परत मुंबईला जाई.

या पैशावर चूल पेटत राहिली. मनीऑर्डरीच्या भरवशावर वाणी उधार देई. सावकाराचे व्याज, सारा, लग्नकार्य यांतून निभावले जाई. मुंबईतल्या गावमंडळांनी वर्गणी काढून देवळे आणि शाळाही उभ्या केल्या.

पण बांध, विहीर, बैल यांची पाळी सहसा येतच नसे. पैसा पोटाला आणि कर्जाला जाई. शेत मागे राहिलेल्या बायकांनीच ओढले. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बायकामुले गावच्या भातावर निम्मीशिम्मी जगत, म्हणून गिरणीला कमी पगारात माणूस मिळे. म्हणजे गाव मुंबईवर जगत होते, तशीच मुंबईही गावावर जगत होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. पोस्टमन रिकाम्या हाताने दारावरून जाऊ लागला. कित्येक कामगार गावी परतले. ज्यांचे शेत बायकांनी कसते ठेवले होते, त्यांना पेजेचा तरी आधार होता. ज्यांची जमीन पडीक होती, त्यांना तोही उरला नाही.

जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली, पण पैसा धाडणारी माणसे आहेतच. म्हणून घरात बसून एक गोष्ट ठरवा. शहरातून येणाऱ्या पैशातला थोडा वाटा, अगदी शंभरात दहा का होईना, जमिनीसाठी बाजूला काढा. तो कशावर खर्चायचा, हे शेत राबणाऱ्या घरच्या लक्ष्मीला आधी विचारा. नोकरी सुटली तर माणूस घरीच येतो. तेव्हा शेत जागेवर असले पाहिजे.