सूड आणि न्याय : ग्रीक शोकांतिकांची साक्ष

प्राचीन ग्रीक भाषेत ‘डिके’ असा एक शब्द आहे. न्याय म्हणजे डिके, शिक्षा म्हणजे डिके आणि कोर्टातला खटला म्हणजेही डिके. ग्रीक शोकांतिकांतला सारा झगडा या एका शब्दात साठवलेला आहे, असे मला वाटते.

इस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी इ. स. पूर्व ४५८ मध्ये अथेन्सला सादर झाली. ट्रॉयच्या स्वारीसाठी राजा ॲगमेम्नॉन पोटच्या मुलीचा बळी देतो. त्याबद्दल राणी क्लायटेम्नेस्ट्रा त्याला ठार मारते. बापाचा सूड म्हणून मुलगा ओरेस्टिस आईचा जीव घेतो. यातला प्रत्येक जण म्हणतो, मी न्यायच केला. मग हे थांबायचे कुठे?

इस्किलस हा खटला अथेन्सच्या ॲरिओपेगस न्यायालयापुढे नेतो. मते समसमान पडतात. अथेना देवीचा कौल ओरेस्टिसकडे असल्याने तो सुटतो. पण नाटक इथे संपत नाही. आईच्या खुनाचा जाब मागणाऱ्या सूडदेवता खवळतात. अथेना त्यांना हाकलून देत नाही. समजूत घालून नगरीत मानाचे स्थान देते. निवाडा टिकायचा, तर हरलेल्या बाजूचाही मान राखावा लागतो. या नाटकातले हेच मला सर्वांत मोठे शहाणपण वाटते.

सोफोक्लिसच्या ‘इलेक्ट्रा’त न्यायालय नाही आणि सूडदेवता ओरेस्टिसच्या मागेही लागत नाहीत. बरेवाईट प्रेक्षकानेच ठरवायचे.

युरिपिडिसचे ‘ओरेस्टिस’ इ. स. पूर्व ४०८ मधले. त्यात क्लायटेम्नेस्ट्राचा वृद्ध पिता लेकीचा गुन्हा मान्य करतो, पण नातवाला खडसावतो, की तू कायद्याकडे का गेला नाहीस? पुढे आर्गॉसची सभा मतदान करून ओरेस्टिसला देहदंड फर्मावते. पण तिथे सरशी होते ती एका चिथावणीखोर वक्त्याची. मतदान झाले म्हणजे न्याय झाला असे नाही, हे युरिपिडिस दाखवून देतो.

त्या काळच्या अथेन्समध्ये सरकारी वकील नव्हता. खुनाची फिर्याद मृताच्या नातलगांनीच करायची. म्हणजे कायद्याने सूड घेणाऱ्याला घालवून दिले नाही. त्याच्या हातातली तलवार काढून घेतली आणि त्याला फिर्यादी केले. कोर्टाची पायरी तो चढतो, ती आपले ऐकून घेतले जाईल या भरवशावर. इस्किलसने तो भरवसा उभा राहताना दाखवला, युरिपिडिसने ढासळताना. भरवसा गेला, की तलवार पुन्हा हातात येते.