मळ कोणता, उतारा कोणता

स्वयंपाकघरातला मळ एका जातीचा नसतो. तेलातुपाचा थर वेगळा, तांब्या-पितळेवरचा कळकटपणा वेगळा, नळाभोवती साचणारे पांढरे क्षार वेगळे आणि पातेल्याच्या बुडाला करपून बसलेला भात आणखी वेगळा. प्रत्येकाचा उतारा निराळा असतो आणि तो बहुतेक वेळा घरातल्याच एखाद्या डब्यात सापडतो. पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत तर हे सगळे मळ एकाच पट्ट्यात पाहायला मिळतात. पूर्वेकडच्या वारली पाड्यांवर सारवलेल्या जमिनीवरची चूल आहे, किनाऱ्यावर डहाणूपासून झाईपर्यंत मासळीची घरे आहेत, घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या आहेत आणि डहाणू रोडला फ्लॅटमधले ओटेही आहेत.

चुलीच्या घरात पहिला मान राखेचा. उज्ज्वला योजना 2016 मध्ये सुरू झाल्यापासून गॅसची शेगडी पाड्यापाड्यांवर पोहोचली, पण भरलेल्या सिलिंडरचे पैसे जमेपर्यंत चूल पेटतेच. लाकडाच्या राखेत पोटॅशियम आणि कॅल्शियमचे कार्बोनेट असतात. ओली राख त्यामुळे अल्कधर्मी होते आणि तेलकटपणाशी तिचा संयोग होऊन थोडासा साबणच तयार होतो. बाकीचे काम तिचे बारीक कण घासून आणि तेल शोषून करतात. राख चाळून घ्यावी, नाहीतर कोळशाचे आणि वाळूचे खडे भांड्यावर ओरखडे काढतात. भांडे आधी पाण्याने भरून टाकू नये; नारळाचा काथ्या किंचित ओला करून राखेत बुडवावा आणि तेलकट भांडे तसेच घासावे, पाणी नंतर. चूल पेटवताना प्लॅस्टिकची पिशवी किंवा रंग दिलेले लाकूड जाळले असेल, तर ती राख भांड्यांना वापरू नये.

राख सगळ्या भांड्यांना चालत नाही. स्टीलला आणि लोखंडाच्या कढईला ती चालते. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, भांड्याला मात्र अल्कली खाते: भांडे काळवंडते आणि वारंवार घासल्याने पृष्ठभाग खरखरीत होतो. धुण्याच्या सोड्याचेही तसेच. अशा भांड्याला साधा साबण आणि मऊ घासणी पुरते. आत काळे पडलेच, तर पाण्यात लिंबाच्या साली किंवा आमसुले घालून ते उकळले की बराच काळेपणा जातो. कल्हई केलेल्या पितळी पातेल्याला आतून राख किंवा वाळू लावली, तर कथलाचा पातळ थर झिजतो आणि आंबट आमटी थेट पितळेला लागते. राख त्याला बाहेरूनच लावावी. मातीच्या भांड्याला साबण नको, कारण ते सच्छिद्र असते आणि साबण शोषून घेते. गरम पाणी, काथ्या आणि ऊन एवढे त्याला बास.

चुलीवरच्या भांड्याची काजळी घासत बसण्यापेक्षा ती चिकटूच न देणे सोपे. भांडे चुलीवर ठेवण्याआधी बुडाला बाहेरून ओल्या राखेचा किंवा मातीचा पातळ लेप द्यावा. काजळी लेपावर बसते आणि धुताना लेपासकट निघून जाते. घासण्याचे निम्मे कष्ट वाचवणारी ही युक्ती कोणत्याही पावडरच्या जाहिरातीत सापडणार नाही.

तांब्या-पितळेला आंबट लागते. हवेतल्या ओलाव्याने तांब्यावर ऑक्साइडचा काळपट थर आणि पुढे हिरवट कळंक चढतो. चिंचेतले टार्टारिक आम्ल किंवा लिंबातले सायट्रिक आम्ल हा थर विरघळवते, आणि चिमूटभर मीठ टाकले की काम लवकर होते. चिंचेचा कोळ लावून पाचेक मिनिटे थांबावे, चोळावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि लगेच कोरडे पुसावे. पुसायचे राहिले, तर लख्ख घासलेला हंडा संध्याकाळपर्यंत पुन्हा डागाळतो. खारा वारा लागणाऱ्या घरांत हे आणखी लवकर होते. बोअरचे पाणी जड असेल तेथे नळावर आणि चहाच्या भांड्यात पांढरा थर धरतो. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके अर्धा तास नळाला गुंडाळून ठेवले की तो सुटतो. भांड्यात लिंबूसत्त्वाचे पाणी उकळले तरी चालते.

इथेच मोठी चूक होते ती ओट्याच्या बाबतीत. जुन्या घरांतला काळा सपाट ओटा बहुधा कडप्प्याचा असतो. कडप्पा आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड. नळावरचा थर ज्या पदार्थाचा, जवळजवळ त्याच पदार्थाचे हे दगड बनलेले आहेत. म्हणून जे व्हिनेगर नळ स्वच्छ करते, तेच ओट्याचा दगड खाते. लिंबाची अर्धी फोड रात्रभर उपडी राहिली, तर सकाळी तिथे निस्तेज पांढरट वर्तुळ दिसते आणि ते पुसून जात नाही. तो डाग नसतो, दगडाचाच वरचा थर गेलेला असतो. संगमरवराची गतही तीच. ग्रॅनाइटमध्ये वेगवेगळ्या रंगांचे चमकते कण दिसतात आणि त्याला घरगुती आंबट पदार्थांचा त्रास सहसा होत नाही. ओटा कशाचा आहे हे कळत नसेल, तर कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाहावा: फसफसले तर चुनखडी. अशा ओट्याला भांड्यांच्या साबणाचे सौम्य पाणीच लावावे.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून सगळे साफ करायचा सल्ला आजकाल फार ऐकू येतो. मिश्रण जोरात फसफसते, त्यामुळे काहीतरी घडते आहे असे वाटते. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे सोडियम अॅसिटेटचे खारट पाणी उरते, ज्याच्यात ना सोड्याचा गुण ना व्हिनेगरचा. दोन्ही उपयोगी आहेत, पण वेगवेगळे. शेगडीभोवतीच्या चिकट टाइलवर सोड्याचा ओला लेप लावून पंधरा मिनिटे ठेवावा. जुनाट मेणचट थराला धुण्याचा सोडा गरम पाण्यातून वापरावा. तो खायच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र असतो, म्हणून हातमोजे घालावेत. करपलेल्या पातेल्यात पाणी आणि चमचाभर खायचा सोडा उकळून रात्रभर ठेवला की सकाळी बहुतेक करप उलथन्याने निघते. अशा भांड्याला तारेच्या घासणीपेक्षा वेळ जास्त मानवतो.

किनाऱ्यावरच्या घरांत प्रश्न वासाचा असतो. मासळीचा वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमाइन या पदार्थाचा. तो अल्कधर्मी असल्याने साबणाने घासूनही रेंगाळतो, आणि आंबट लागताच त्याचे क्षार होऊन वास दबतो. बोंबील साफ केलेल्या विळीला आणि पाटाला चिंच किंवा आमसुलाचे पाणी चोळतात ते यासाठीच. त्याआधीची पायरी मात्र पुष्कळदा चुकते: मासळीचे, अंड्याचे किंवा दुधाचे भांडे पहिल्यांदा गार पाण्याने विसळावे. गरम पाण्याने त्यातली प्रथिने शिजतात आणि भांड्याला चिकटून बसतात. तेलकट भांड्याचे याच्या उलट. सुक्या मासळीच्या प्लॅस्टिक डब्याचा वास धुऊन पुरता जात नाही. त्याला दिवसभर ऊन दाखवावे.

घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण कच्च्या चिकूचा चीक सुरीला आणि हातांना काही सुटत नाही. हा चीक पाण्यात विरघळत नाही. आधी खोबरेल किंवा कोणतेही तेल चोळावे, चीक सैल झाला की साबण लावावा. फणसाच्या चिकालाही हीच रीत. चिकूतल्या टॅनिनने लोखंडी विळी काळी पडते. तो काळेपणा लिंबाने जातो, मात्र नंतर पाते पुसून तेलाचा हात फिरवला नाही तर गंज धरतो.

पावसाळ्यात या भागात धुण्यापेक्षा वाळवणे कठीण. लाकडी पोळपाट, मसाल्याचे डबे, मांडणीचा मागचा भाग यांवर बुरशी येते. पोळपाट मीठ-लिंबाने घासून, पुसून उभा ठेवावा. ऊन नसेल तर चुलीच्या उबेजवळ. मांडणी व्हिनेगरच्या फडक्याने पुसावी आणि भिंतीपासून चार बोटे दूर सरकवावी, म्हणजे मागून हवा फिरते. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेली चित्रे असतील, तर तिथे पाणी लागू न देता जाळी-जळमटे कोरड्या झाडूनेच काढावीत. ओले फडके हे स्वयंपाकघरातले सगळ्यात घाणेरडे कापड. ते रोज उकळत्या पाण्यातून काढावे.

चकाकणारे भांडे जंतुमुक्त असतेच असे नाही. शेणाने सारवलेली जमीन धूळ बसवते आणि छान दिसते, पण शेणात जंतू असतात. सारवण चालू असताना झाकून ठेवलेले अन्न आणि पिण्याचे पाणी बाहेर न्यावे, आणि पोतेरे हातावेगळे झाले की हात साबणाने धुवावेत. राखेने हात धुणे हा साबण नसतानाचा पर्याय आहे. घरात कोणाला जुलाब होत असतील, तर भांडी उकळत्या पाण्यातून काढावीत. ओट्याला 4 लिटर पाण्यात एक मोठा चमचा साधे घरगुती ब्लीच घालून लावावे, काही मिनिटे राहू द्यावे आणि स्वच्छ पाण्याने पुसावे. हे पाणी रोज ताजे करावे. झुरळांसाठी बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या चालतात, पण त्या मुलांच्या आणि कोंबड्यांच्या तोंडी लागणार नाहीत अशाच जागी ठेवाव्यात.

ब्लीच मात्र एकट्यानेच वापरायचे. व्हिनेगर, लिंबूसत्त्व किंवा संडास साफ करायचे अॅसिड त्यात मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोपटात किंवा छोट्या मोरीत तो जिवावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवानेही विषारी वायू तयार होतो. डोळे चुरचुरू लागले, खोकला आला, तर बादली तिथेच सोडून उघड्यावर यावे आणि दारे-खिडक्या उघडून वास पूर्ण जाईपर्यंत आत जाऊ नये. श्वास घ्यायला त्रास होत राहिला, तर थेट दवाखाना गाठावा.