इंग्रजीतील प्रयोजक व संवेदनवाचक क्रियापदे : मराठी भाषक अभ्यासकाच्या दृष्टीने

दुसऱ्याकडून क्रिया घडविण्याचा अर्थ मराठीत क्रियापदाच्या रूपातच सामावलेला असतो. ‘बसणे’चे ‘बसविणे’, ‘करणे’चे ‘करविणे’, ‘पडणे’चे ‘पाडणे’ होते. प्राचीन काळी इंग्रजीच्या पूर्वज भाषेतही अशा जोड्या तयार होत असत. ‘सिट’ व ‘सेट’, ‘लाय’ व ‘ले’ हे त्यांचेच अवशेष होत. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे, ही जोडी तर मराठीशी थेट जुळते. परंतु ती रीत आता जिवंत नाही. तिचे कार्य मुख्यत्वे ‘मेक’, ‘हॅव’, ‘गेट’ व ‘लेट’ ही स्वतंत्र क्रियापदे करतात, आणि मराठी भाषक विद्यार्थ्याची अडचण येथूनच सुरू होते.

ही अडचण केवळ रचनेची नाही. ‘त्यांनी त्याच्याकडून सही करवून घेतली’ हे वाक्य घेऊ. ‘दे मेड हिम साइन’ म्हटले तर त्याची इच्छा नसताना त्यास भाग पाडले, असा अर्थ होतो. ‘दे गॉट हिम टू साइन’ यात समजूत घालणे, गळ घालणे किंवा युक्ती योजणे सूचित होते. ‘दे हॅड हिम साइन’ म्हणजे त्यांनी सांगितले व त्याने सही केली. कार्यालयात रोज घडते तसे. पहिले वाक्य आरोप ठरू शकते, तिसरे साधी नोंद. मराठी वाक्य याविषयी मौन पाळते. इंग्रजीत लिहिणाऱ्यास ते मौन राखता येत नाही. ‘दे लेट हिम साइन’ मात्र येथे बसतच नाही, कारण त्यात इच्छा त्याची व परवानगी त्यांची असते.

‘मेक’, ‘हॅव’ व ‘लेट’ यांच्यानंतर ‘टू’ येत नाही, ‘गेट’नंतर येतो, ‘हेल्प’ला दोन्ही चालतात. ‘मेड हिम टू साइन’ ही चूक उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते. (1611 च्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात ‘मेक’नंतर ‘टू’ अनेकदा येतो, पण तो आधार परीक्षेत उपयोगी पडणार नाही.) कर्मणि प्रयोगात मात्र हा ‘टू’ परत येतो : ‘ही वॉज मेड टू साइन’.

‘मी केस कापले’ असे आपण न्हाव्याकडून आल्यावरही म्हणतो. ‘आय कट माय हेअर’ म्हणताच कात्री आपल्याच हाती येते. तेथे ‘आय हॅड माय हेअर कट’ हवे.

‘सी’, ‘हिअर’, ‘वॉच’, ‘फील’ ही संवेदनवाचक क्रियापदे याच रचनेत येतात, म्हणून दोहोंचा विचार एकत्र करणे सोयीचे ठरते. मात्र येथे एक नवा भेद उपस्थित होतो. ‘आय सॉ हिम क्रॉस द रोड’ म्हणजे रस्ता ओलांडण्याची क्रिया आरंभापासून शेवटापर्यंत पाहिली. ‘आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड’ म्हणजे तिचा काही भाग दृष्टीस पडला. तो पलीकडे पोहोचला की मध्येच परतला, हे वाक्य सांगत नाही. मराठीतील ‘मी त्याला रस्ता ओलांडताना पाहिले’ हे दुसऱ्याच्या जवळचे आहे. पहिल्यासाठी ‘तो रस्ता ओलांडून गेला, ते मी पाहिले’ असे काहीसे म्हणावे लागेल.

हा भेद पुस्तकी नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते आणि खालच्या न्यायालयांतील मराठी जबाब तेथे भाषांतरित करावे लागतात. अपघाताच्या खटल्यात ‘ओलांडताना’च्या जागी ‘क्रॉस’ लिहिले गेले, तर साक्षीदाराने न सांगितलेली गोष्ट त्याच्या तोंडी घातली जाते. ‘जम्प’सारख्या क्षणिक क्रियेत तर आकडाच बदलतो : ‘सॉ हिम जम्प’ म्हणजे साधारणतः एक उडी, ‘जम्पिंग’ म्हणजे अनेक.

‘दॅट’ आला की अनुभवाचे स्वरूपच पालटते. ‘आय हर्ड हिम शाउट’ यात ओरडणे स्वतःच्या कानांनी ऐकले. ‘आय हर्ड दॅट ही शाउटेड’ ही ऐकीव वार्ता. येथे मराठी भाषक सहसा चुकत नाही, कारण ‘त्याला ओरडताना ऐकले’ आणि ‘तो ओरडला असे ऐकले’ हा भेद त्याच्या भाषेतच आहे.