नल्ली, तिरुपुळी आणि स्टेपनी

गेल्या मे महिन्यात सासऱ्यांना बिदरहून आमच्याकडे आदिलाबादला आणत होतो. निर्मल मागे पडले आणि महामार्ग ४४ वर नेरडिगोंडाच्या अलीकडे गाडीचे पुढचे चाक बसले. रात्रीचे नऊ वाजलेले. गाडीत बायको, बारा वर्षांची मुलगी आणि मामा. अठरा वर्षे गाडी चालवतो आहे, पण चाक एकदाही बदललेले नव्हते. पंक्चरवाला असतो की!

मामा बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षे फिटर होते. आता हात थरथरतात. चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागतो. ते रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि म्हणाले, ''मदल सडिल माड्री, आमेल जॅक.''

बिदर, नांदेड, आदिलाबाद १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. आमच्याकडच्या सोयरिकी अजून तो नकाशा मानतात. तरी माझे कानडी जेवणखाणापुरतेच. मला 'मदत' ऐकू आले. ''मदत नको मामा, तुम्ही बसा,'' म्हणून मी जॅक लावून गाडी उचलली. नटाला पाना लावला, तर नट जागचा हलेना, चाकच गरगर फिरू लागले आणि गाडी जॅकवर डुलायला लागली.

''पप्पा, अज्जा म्हणतायत, आधी नट सैल करा, मग उचला,'' मुलगी म्हणाली.

गाडी खाली घेतली. हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगडाची उटी लावली. चाक जमिनीला टेकलेले असताना नट सैल केले, मग जॅक. नवे चाक बसवताना नट ओळीने नाही, समोरासमोरचे आवळायचे. नाहीतर चाक तिरके बसते. गाडी खाली आल्यावर पुन्हा एकदा आवळायचे. एवढेच. पाऊण तास लागला आणि शर्ट गेला. स्टेपनीत हवाही कमीच होती, इच्चोड्यापर्यंत रांगत आलो.

(हा 'स्टेपनी' शब्द मूळचा वेल्समधल्या लॅनेली गावचा. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाके बनवायला सुरुवात केली. दुकान गेले, शब्द आपल्याकडे राहिला.)

घरी आल्यावर दोन रात्री मामांना झोप नाही. तिसऱ्या सकाळी म्हणाले, ''नल्ली सोर्तद.'' आमच्या घरी नल्ली म्हणजे रविवारचे मटण, त्यामुळे मी हसलो. न्हाणीघरातला नळ गळत होता. महिनाभर मी खाली बादली ठेवून काम भागवले होते. मामांनी स्वतः पाना हातात घेतला, नळाला लावायचा दोनदा प्रयत्न केला, आणि माझ्याकडे दिला. ''नीव हिडीरी.'' तुम्ही धरा. त्यावर कोणीच काही बोलले नाही.

टाकीकडचा कॉक बंद करून नळाचे डोके उघडले. आतला वायसर झिजून पापडासारखा झाला होता. काही रुपयांची वस्तू. नवा बसवला, तर मी नळ इतका आवळून बंद करू लागलो की मामा ओरडले. अशाने नवा वायसरही कापला जातो.

विजेच्या बोर्डाला मात्र ते हात लावू देत नाहीत. ''करंट नम्म केलस अल्ल.'' त्यासाठी वायरमनच येतो. आणि बाही वर करून मनगटाजवळचा जुना डाग दाखवतात. गरम रेडिएटरचे झाकण घाईने उघडले होते; दाबाखालचे उकळते पाणी उसळून आले. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गाडी तापली की बाजूला घ्या आणि अर्धा-पाऊण तास थांबा, झाकण हाताला गार लागेपर्यंत.

आता मामांची अवजारांची पेटी बिदरहून आली आहे. मुलगी वहीत नावे लिहिते : स्क्रू-ड्रायव्हर म्हणजे तिरुपुळी. गेल्या रविवारी पंक्चर नसताना अंगणात चाक काढून पुन्हा बसवले. मामा घड्याळ घेऊन बसले होते. पस्तीस मिनिटे. मला काही बोलले नाहीत. नातीकडे वळून म्हणाले, ''ईग नी माड.''