सध्याचे वाचन आणि पुढचे पुस्तक : खान्देशातील वाचकांच्या संदर्भात

प्रास्ताविक

वाचनसंस्कृतीची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांनी होते. एका टोकाला वाचन संपत चालल्याची खंत असते, तर दुसऱ्या टोकाला ग्रंथदिंडी, ग्रंथप्रदर्शने आणि २०१५ पासून दरवर्षी १५ ऑक्टोबरला साजरा होणारा वाचन प्रेरणा दिन. या दोहोंच्या मध्ये मुकाट्याने वाचत राहणारा एक वर्ग प्रत्येक गावात असतो. शाळेतले शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, दुपारच्या वेळी वाचनालयात येणाऱ्या गृहिणी, एखादा कापूस-केळीचा शेतकरी आणि आपल्यापैकी काही प्राध्यापक हे या वर्गाचे घटक होत. या वाचकाला विचारण्यासारखे प्रश्न दोनच आहेत. सध्या आपण काय वाचत आहात? आणि यानंतर काय वाचणार आहात?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयाच्या देवघेव नोंदीत काही अंशी तरी मिळते. दुसऱ्याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. वास्तविक वाचकाचे वाचन टिकते ते या दुसऱ्या उत्तराच्या बळावर. हातातले पुस्तक संपण्यापूर्वी पुढचे ठरलेले असेल तर वाचन चालू राहते. तसे नसेल तर मध्ये पडलेला आठवड्याचा खंड वर्षाचा केव्हा होतो ते कळत नाही. प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे या जिल्ह्यांच्या संदर्भात या ‘पुढच्या पुस्तका’चा विचार केला आहे. हे सर्वेक्षण नव्हे. परिसराचा इतिहास आणि ग्रंथालय-व्यवहाराची निरीक्षणे यांच्या आधारे केलेले हे विवेचन आहे.

‘पुढचे’ देणारी परंपरा

खान्देशात वाचकाला पुढचे वाचन पुरविण्याची एक परंपरा आहे आणि तिचे दोन ठळक दाखले साने गुरुजींशी निगडित आहेत. १९२४ ते १९३० या काळात गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. तेथील छात्रालयात ते विद्यार्थ्यांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवीत. मुद्रणाचा खर्च नाही, वर्गणी नाही. पण सकाळी उठल्यावर मुलांना आज नवीन काय वाचावयाचे आहे याची खात्री होती. वाचनाची सवय लावण्याचा याहून साधा मार्ग शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांतही क्वचितच सापडेल.

दुसरा दाखला धुळे कारागृहातला. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी तेथे दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली आणि गुरुजींनी ती लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ असा सिद्ध झाला. आजच्या विषयाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याचा साप्ताहिक क्रम. श्रोत्यांना पुढच्या रविवारी कोणता अध्याय येणार हे ठाऊक होते. मधले सहा दिवस मागच्या अध्यायावर विचार करण्यासाठी मोकळे होते. तुरुंगातल्या माणसांपुढे वाचनाचा एवढा निश्चित कार्यक्रम असावा आणि बाहेरच्या आपल्याकडे नसावा, हे थोडे विचित्र आहे.

धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे निवर्तले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड सिद्ध करणाऱ्या या माणसाच्या पुढच्या कामांची यादी मृत्यूसमयीही लांबच होती. अवघ्या दहा दिवसांत, ९ जानेवारी १९२७ रोजी, राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. त्यांच्या संग्रहाची जपणूक झाली आणि त्यांनी मागे ठेवलेल्या सामग्रीतून ‘मराठी धातुकोश’ मंडळाने प्रसिद्ध केला. एका वाचकाची अपुरी यादी संस्थेने आपली मानली, असे या घटनेकडे पाहता येते.

‘कोसला’नंतर काय?

आता प्रत्यक्ष वाचनाकडे वळू. या परिसरातील वाचकाशी मराठी कादंबरीविषयी बोलणे निघाले की भालचंद्र नेमाडे यांचे नाव लवकरच येते. यात प्रादेशिक अभिमान आहेच. नेमाडे यावल तालुक्यातील सांगवीचे आणि ‘कोसला’चा (१९६३) नायक पांडुरंगही सांगवीकर. मात्र ‘कोसला’ वाचलेल्यांपैकी पुढे कोण कोठे जातो हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. काहीजण तेथेच थांबतात व दर काही वर्षांनी तीच कादंबरी पुन्हा वाचतात. काहीजण थेट ‘हिंदू’कडे (२०१०) उडी घेतात आणि मधली ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’ ही १९७५ ते १९७९ या काळातील चार पुस्तके ‘नंतर वाचू’ म्हणून बाजूला ठेवतात. या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हा गावोगावच्या महाविद्यालयांत नोकरी करणारा प्राध्यापक आहे. आपल्या व्यवसायाचे इतके निर्दय चित्रण मराठीत दुसरे नसताना प्राध्यापकवर्गानेच ती नंतरवर टाकावीत, याचे कारण कदाचित त्या चित्रणातच असेल.

‘हिंदू’चा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. कादंबरी संपविलेल्या जिज्ञासू वाचकाला साहजिकच आपल्या मातीखाली काय आहे असा प्रश्न पडतो. तापीकाठचे प्रकाशे आणि गिरणाकाठचे बहाळ येथे १९५० च्या दशकात महत्त्वाची उत्खनने झाली. ताम्रपाषाणयुगापासूनचे अवशेष तेथे मिळाले. या वाचकाचे पुढचे पुस्तक तेच असावयास हवे. परंतु ते अहवाल इंग्रजीत, पुरातत्त्व खात्याच्या नियतकालिकांत आहेत. आणि ग्रंथालयातील दशांश वर्गीकरणानुसार मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये, तर प्राचीन भारताचा इतिहास ९३४ मध्ये, म्हणजे निराळ्या कपाटात किंवा निराळ्या दालनात असतो. वर्गीकरण विषयाप्रमाणे ग्रंथ जवळ आणते. वाचकाचे कुतूहल मात्र विषय ओलांडून जाते. हा पूल बांधावयाचा तो माणसानेच: ग्रंथपालाने किंवा शिक्षकाने.

पुढचे पुस्तक येते कोठून?

लहान शहरात ग्रंथपरीक्षण वाचून पुस्तक मागणारे वाचक थोडे. बहुतेकांचे पुढचे पुस्तक परत आलेल्या पुस्तकांच्या टेबलावरून उचललेले असते. कोणीतरी नुकतेच वाचून परत केले, यातच शिफारस दडलेली असते. ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘पानिपत’ या कादंबऱ्या दशकानुदशके फिरत राहण्यात या टेबलाचा वाटा मोठा आहे. दिवाळीनंतरचे महिने दिवाळी अंकांचे. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही प्रथा वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनांमुळे वाचकाला काही महिन्यांचा आयता कार्यक्रम देते, त्या काळात त्याला पुढचे काय हा प्रश्नच पडत नाही.

साहित्य संमेलनांनीही असे कार्य केले आहे. जळगावला १९३६ व १९८४ मध्ये, धुळ्याला १९४४ मध्ये, अमळनेरला १९५२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७ वे अखिल भारतीय संमेलन झाले. संमेलनातील ग्रंथदालनातून घरी आलेली पुस्तके बरीच वर्षे ‘पुढची’ म्हणून राहतात, यात उपहास करण्यासारखे काही नाही. घरात न वाचलेली पुस्तके असणे हे वाचनाचे भांडवल आहे.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांचा येथे स्वतंत्र उल्लेख केला पाहिजे. वाचनालयांच्या अभ्यासिका त्यांनी भरलेल्या असतात आणि तासांचा हिशेब केला तर सर्वाधिक वाचन तेच करतात. त्यांचे पुढचे पुस्तक अभ्यासक्रमाने ठरविलेले असते. परीक्षा सुटली की यादीही संपते. तिचा धागा पुढे कोणी धरून दिला नाही तर दहा-दहा तास बसणारा हा वाचक वाचनालयातून कायमचा बाहेर पडतो.

प्राध्यापकांची स्थिती याहून फार वेगळी आहे असे म्हणण्याचे धाडस होत नाही. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांनी शोधनिबंधांना गुण जोडले. पुढे केअर यादी आली आणि २०२५ मध्ये ती बंदही झाली. या सर्व काळात आपले ‘पुढचे वाचन’ पुष्कळदा पुढच्या निबंधाच्या संदर्भांपुरते उरले. संदर्भासाठी चाळलेले पुस्तक आणि वाचलेले पुस्तक यांतील भेद गुणपत्रकात दिसत नाही.

नोंदींत न उतरणारी मागणी

पूर्वीच्या ब्राऊन पद्धतीत वाचकाचे तिकीट व ग्रंथाचे कार्ड पुस्तक परत येईपर्यंत एकत्र ठेवले जाई. परत आले की दोन्ही वेगळी होत आणि कोणी काय वाचले याचा माग पुसला जाई. पुस्तकातील तारखांची पट्टी तेवढी उरे. आज सोल किंवा कोहा यांसारख्या संगणकप्रणालींत वाचकवार इतिहास मिळतो, पुस्तक राखून ठेवता येते. कोहामध्ये खरेदी-सूचनाही नोंदविता येते. सोय आहे, तिचा वापर मात्र अल्प आहे. नॅकच्या अहवालासाठी आपण ग्रंथालयाचा दैनंदिन वापर व ग्रंथखरेदीचा वार्षिक खर्च मोजत आलो. मागितलेली पण न मिळालेली पुस्तके किती, हा आकडा कोणी विचारला नाही म्हणून कोणी ठेवलाही नाही.

एक तांत्रिक अडचण विशेष नमूद करावीशी वाटते. अनेक ठिकाणी मराठी ग्रंथांची नोंद रोमन लिपीत केलेली आढळते. एकाच शीर्षकाची दोन-तीन वर्णलेखने झाली की संगणक ‘पुस्तक नाही’ असे उत्तर देतो आणि पुस्तक कपाटात स्वस्थ उभे असते. ग्रंथ व वाचक यांची गाठ पडावी हे रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेले तत्त्व अशा वेळी लिपीपाशी अडते.

अहिराणीचा वाचक तर याहून अडचणीत असतो. बहिणाबाईंच्या गाण्यांपासून (१९५२) लेवा बोलीच्या व खान्देशी गोडीने सुरुवात केलेल्याला पुढे अहिराणीचे शब्दकोश, लोकगीतांचे संग्रह, सुधीर देवरे यांनी संपादिलेल्या ‘ढोल’चे अंक, भिलोरी अनुभवविश्वासाठी वाहरू सोनवणे यांचे ‘गोधड’ असा मार्ग आहे. परंतु यांतील बरेच साहित्य लहान प्रकाशकांकडून किंवा लेखकांनी स्वखर्चाने काढलेले असते. ते वितरकाच्या यादीत येत नाही, म्हणून खरेदीच्या निविदेतही येत नाही. ओळखीने मिळाले तर मिळाले.

एक वही

यावर सुचविण्यासारखा उपाय फार साधा आहे. देवघेव खिडकीजवळ एक वही ठेवावी. तीत चार रकाने असावेत: तारीख, सध्या वाचत असलेले पुस्तक, पुढे वाचावयाचे पुस्तक, आणि ते येथे मिळाले की नाही. नाव लिहिण्याची सक्ती नसावी. सहामाहीच्या शेवटी ‘मिळाले नाही’ या रकान्यातील शीर्षके ग्रंथालय समितीपुढे ठेवावीत आणि खरेदीच्या रकमेचा काही निश्चित भाग त्यांच्यासाठी राखावा. रोमन नोंदींमुळे न सापडलेली पुस्तके याच वेळी उघडकीस येतील. त्यांची देवनागरी नोंद करून घ्यावी. कपाटापलीकडची जोडणी ग्रंथपालाने वहीतच करावी; ‘हिंदू’ लिहिणाऱ्याला बहाळच्या उत्खननाचा अहवाल कोठे आहे हे समासात लिहून ठेवण्यास फार वेळ लागत नाही.

अशा वहीत पहिल्या काही नोंदी प्राध्यापकांच्या असाव्यात, कारण विद्यार्थी वही उघडताच आधी आपल्या शिक्षकांची पाने पाहतील. धुळ्याहून १९८५ पासून पुरुषोत्तम पाटील यांनी काढलेल्या ‘कविता-रती’चे जुने अंक ज्या महाविद्यालयांत असतील, तेथे मराठीच्या शिक्षकाने ‘पुढे वाचावयाचे’ या रकान्यात एखाद्या अंकाचा क्रमांक लिहून सुरुवात करावयास हरकत नाही.